पाच लाखांची उचल: सत्तरीचा व्यापारी, डिचोलीचा काजू कारखाना

गोव्याच्या डिचोली तालुक्यातल्या एका छोट्या काजू कारखान्यातून दर फेब्रुवारीत सत्तरीतल्या एका व्यापाऱ्याला पाच लाखांची उचल जाते. बी गोळा करणाऱ्याला शेतकऱ्याच्या हातावर रोख पैसे ठेवावे लागतात, म्हणून हंगामाआधी त्याच्याकडे रोकड हवी. गेली वीसेक वर्षं ही उचल एका ओळीच्या कागदाशिवाय जात होती. गेल्या हंगामात मालाचा उतारा, म्हणजे बीतून निघणारा गर, घसरला आणि कारखान्याचे हिशेब बघणारी मालकाची मुलगी म्हणाली, "बाबा, यंदा एक रुपयासुद्धा आधी द्यायचा नाही." वडिलांचं उत्तर ठरलेलं: "शेट माणूस खरा आहे."

मी लहान उद्योगांच्या खर्चाचे हिशेब तपासतो, म्हणून हा वाद माझ्याकडे आला. कोणाची ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत आणि आकडे जरा गोल केले आहेत. मालकांना सगळे भाई म्हणतात, व्यापाऱ्याला शेट. इथेही तेच ठेवतो.

साखळी अशी आहे. शेतकरी बोंडू, म्हणजे काजूचं फळ, फेणीच्या भट्टीला घालतो आणि बी शेटला. शेट बी वाळवून, पोत्यांत भरून भाईंकडे पोचवतो. भाईंकडे बी वाफवणं, फोडणं, भट्टीत सुकवणं, तांबडी साल काढणं, प्रतवारी करणं हे सगळं होतं आणि पाकिटं म्हापसा, पणजी आणि किनाऱ्यावरच्या दुकानांत जातात. भाईंना वर्षाला साडेसातशे पोती लागतात. त्यातली पाचशे, म्हणजे 40 टन, शेटची. 118 रुपये किलोने ही 47 लाखांची खरेदी झाली. शेटच्या एकूण मालात मात्र भाईंचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आहे. म्हणजे भाईंना शेटची जितकी गरज आहे तितकी शेटला भाईंची नाही. हे आधीच नोंदवून ठेवलं, कारण बऱ्याचदा ज्याला आपण विश्वास म्हणतो तो निव्वळ नाइलाज असतो. इथे शेटचा तरी नाइलाज नव्हता. बाजारात त्याला गिऱ्हाइकं होती.

मुलीने माझ्यासमोर एक तक्ता ठेवला. वेळेवर माल आला का, दर्जा, भाव, कागदपत्रं अशा रकान्यांत गुण दिलेले आणि शेटला शंभरपैकी 58. मोठ्या कंपन्यांचे पुरवठादार तपासायचे फॉर्म असेच असतात. मला हा प्रकार फारसा रुचत नाही. जो माणूस वजनात कधी फसवत नाही पण मालाची खोड सांगत नाही, तो 58 वर येतो. जो सगळं खरं सांगतो पण दर वेळी उशिरा येतो, तोही 58 वर येतो. या दोघांशी एकाच पद्धतीने व्यवहार करणं वेडेपणाचं आहे. मारी साको या संशोधिकेने 1992 मध्ये ब्रिटिश आणि जपानी कंपन्यांची त्यांच्या पुरवठादारांशी असलेली नाती तपासून विश्वासाचे तीन प्रकार वेगळे केले होते: ठरलेलं पाळेल हा, काम जमेल हा, आणि ठरलेलं नसतानाही आपलं भलं बघेल हा. तेवढं मला पुरेसं होतं. शेटवर विश्वास आहे का, हा प्रश्न आम्ही बाजूला ठेवला आणि कशाबाबत आहे, हे एकेक करून बघायला घेतलं.

ठरलेलं पाळण्याचा हिशेब लवकर आटोपला. शेटच्या पावतीवरचं वजन आणि कारखान्याच्या काट्यावरचं वजन गेल्या पाच वर्षांत पोत्यामागे दीड-दोनशे ग्रॅमच्या पुढे कधी हललेलं नाही. जीएसटीचं विवरण तो वेळेवर भरतो. भाईंच्या 2बी मध्ये, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांच्या जीएसटी यादीत, त्याची बिलं न चुकता दिसतात, त्यामुळे इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, कधी अडकलेलं नाही. हे क्षुल्लक वाटेल, पण 1 जानेवारी 2022 पासून पुरवठादाराने बिल दाखवलं नाही तर खरेदीदाराचं क्रेडिट बुडतं. पुरवठादाराच्या शिस्तीचा इतका फुकटचा पुरावा दुसरा मिळत नाही, आणि किती कारखानदार तो कधी बघतच नाहीत.

खरी कटकट उताऱ्याची होती.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी: कच्च्या काजू बीची किंमत बाहेरून बघून ठरत नाही. प्रत्येक लॉटमधून नमुना काढतात, एक किलो बी मोजतात, कात्रीने एकेक उभी कापतात. चांगला गर एकीकडे, डागाळलेला आणि अपुरा वाढलेला दुसरीकडे, कुजलेला आणि पोचट तिसरीकडे. चांगल्याचं पूर्ण वजन, डागाळलेल्याचं निम्मं, तिसऱ्याचं शून्य. त्यावरून 80 किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघेल ते सांगतात. किलोला 272 ग्रॅम म्हणजे 48 पौंड. 244 ग्रॅम आले तर 43. टनावारी माल घेणाऱ्या या धंद्यात अख्खा भाव या पाच पौंडांत फिरतो. भाईंच्या भावाने एक पौंड म्हणजे पोत्यामागे 197 रुपये.

आधीच्या वर्षांची सरासरी 48 होती. गेल्या वर्षी ती पावणेसेहेचाळीसवर आली. पाचशे पोत्यांवर सव्वादोन लाखांचा फटका. मुलीचा राग या आकड्यामुळे होता आणि तो रास्तच होता.

पण सरासरीत गोम असते. लॉट सुटे केले तेव्हा चित्र पालटलं. मार्चमधले दोन लॉट 48 आणि साडेसत्तेचाळीस, म्हणजे नेहमीपेक्षा जरा कमी, तक्रार करण्याजोगे नव्हेत. एप्रिलचे तीन: 46, साडेसेहेचाळीस आणि 43. मेचे दोन: साडेपंचेचाळीस आणि 45. मे महिन्यात वळवाच्या सरी पडल्या की झाडाखालची बी भिजते, गर काळवंडतो. त्यात शेटचा दोष नाही, आणि मेचा माल दर वर्षी उतरतोच. तेव्हा प्रश्न दोन उरले. 43 चा लॉट कसा आला? आणि मार्चचा माल इतका कमी कसा? कारण आधीच्या वर्षांत पाचशेपैकी दोनशे पोती मार्चमध्ये यायची. गेल्या वर्षी आली 90.

43 चा लॉट सत्तर पोत्यांचा होता. त्यातली दोन पोती अजून गोदामात होती. भाईंच्या कारखान्यात पंचवीस वर्षं बी कापणारी बाई आहे. तिने मूठभर बी उचलली, कानाशी नेऊन हलवली आणि वाईट बी उजवीकडे टाकत गेली. तिचं म्हणणं, नव्या बीत गर टरफलाला धरून बसलेला असतो, आवाज येत नाही. वर्षभर पडून राहिलेल्या बीतला गर आकसतो आणि खुळखुळतो. ओंजळीतल्या साधारण चौथ्या हिश्शाच्या बिया खुळखुळल्या. नव्या मालात मागच्या वर्षीचा माल मिसळला होता, आणि हे भाईंना कुणी सांगितलं नव्हतं.

मुलीने शेटला विचारलं. तो आढेवेढे न घेता म्हणाला, "घातली, बाय. अठरा-वीस पोती उरली होती गेल्या सालची. सांगायला हवं होतं." मग थोडं थांबून भाईंकडे वळला: "भाई, तुम्ही पोत्यामागे किलोचा कडता धरता. बी सुकी असो की ओली. मी कधी बोललोय?"

हा कडता मुलीच्या तक्त्यात नव्हता, कारण तो भाईंच्या वहीत खर्च म्हणून दिसतच नाही. ओलाव्यासाठी, मातीसाठी म्हणून प्रत्येक पोत्याचं एक किलो कापायचं, ही वडिलांच्या काळापासूनची रीत. ओलावा मोजायचं यंत्र कारखान्यात आहे, पण ते कडत्यासाठी कधी वापरलेलं नाही. पाचशे पोत्यांचे पाचशे किलो, 118 ने 59 हजार रुपये. जुनी बी मिसळल्याने त्या सत्तर पोत्यांत भाईंचं नुकसान झालं ते 41 हजारांच्या आसपास. मी हे दोन आकडे एकाखाली एक लिहून कागद टेबलावर ठेवला. दोघांनाही त्याचा आनंद झाला नाही.

एकाची चोरी दुसऱ्याच्या चोरीने माफ होते असं मी म्हणत नाही. कडता उघड होता, सगळ्या बाजारात आहे. मिसळ लपवलेली होती आणि माझ्या लेखी ती जास्त वाईट. पण न मोजता कापलेला कडता म्हणजे पुरवठादारावरचा अविश्वास आधीच रोखीत वसूल करणं. एकदा तो वसूल केला की समोरच्याला वाटतं, शिक्षा तर आपण भोगलीच आहे, मग गुन्हा करायला काय हरकत. शेट असं बोलला नाही. पण वागला तसाच.

मार्चच्या मालाचं उत्तर शेटच्या वहीत मिळालं. लांबट, लाल पुठ्ठ्याची, रबर लावलेली ही वही तो खिशातून काढायला तयार झाला, हेच मला महत्त्वाचं वाटलं. भाईंच्या खात्याखाली माल दिल्याची तारीख आणि पैसे मिळाल्याची तारीख. पाच वर्षांपूर्वी मधलं अंतर वीस दिवसांचं. मग तीस, पन्नास. गेल्या वर्षी सरासरी 74.

"पहिली वेचणी मी तुम्हालाच घालायचो," शेट म्हणाला. "सांजेला माणसं दारात येऊन उभी राहतात. त्यांना सांगू की पैसे जूनमध्ये? वाळपईला रोख देणारा आहे, त्याला घातली. तुम्हाला मागची."

गोव्यात या रोखीला आणखी एक धार आहे. कृषी कार्ड असलेला शेतकरी नोंदणीकृत संस्थेला बी घालतो तेव्हा बाजारभाव आणि सरकारी हमीभाव यांतला फरक सरकार देतं, पण तो फरक मागाहून खात्यात येतो. तेव्हा खासगी व्यापाऱ्याकडे बी घालणाऱ्याला आज पैसे हवे असतात, नाहीतर त्याच्याकडे कार्ड नसतं. अशा माणसाला उधारीवर थांबवणं जमत नाही. म्हणजे भाईंनी पैसे लांबवले की शेटकडे दोनच वाटा: स्वतःचं भांडवल अडकवायचं, नाहीतर चांगला माल रोखवाल्याला द्यायचा.

आता हिशेब. 47 लाख 74 ऐवजी सात दिवसांत द्यायचे तर 67 दिवसांचं व्याज पडतं. भाईंची बँकेची कॅश क्रेडिट, म्हणजे चालू धंद्यासाठीची उधारी, 11 टक्क्यांनी आहे, म्हणजे 95 हजार. उताऱ्यातला तोटा सव्वादोन लाख, त्यातले मिसळीचे 41 हजार आणि मेच्या पावसाचे थोडे वजा केले तरी बाकी व्याजापेक्षा जास्त. उशिरा पैसे देऊन भाई व्याज वाचवत होते आणि त्याहून जास्त गरात घालवत होते. माल घसरण्याचं मुख्य कारण डिचोलीत होतं.

भाई उशिरा का देत होते? कारण त्यांना उशिरा मिळत होते. किनाऱ्यावरची दोन दुकानं त्यांची निम्मी पाकिटं उचलतात. पावसाळ्यात पर्यटक कमी, म्हणून हिशेब ऑक्टोबरनंतर. मुलीने मला 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यातलं कलम 15 दाखवलं: लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत द्यायचे. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून आयकरात आलेल्या एका तरतुदीमुळे मुदतीत पैसे दिले नाहीत तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. भाई उत्पादक आहेत, उद्यम नोंदणी आहे, त्यांना हे संरक्षण आहे. त्यांनी ते एकदाही वापरलेलं नाही. आणि गंमत बघा, शेटला ते नाही. व्यापाऱ्यांना जुलै 2021 पासून उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. थकलेल्या पैशांचं हे कलम त्यांना लागू होत नाही. साखळीत ज्याच्या हाती कायदा आहे तो तो वापरत नाही, आणि ज्याला गरज आहे त्याच्याकडे कायदाच नाही. त्याच्याकडे होती फक्त मार्चची बी.

राहिला तिसरा विश्वास: कोणी बघत नसताना शेट कसा वागतो. इथे मला एक सुतळी सापडली. शेट थोडा माल महाराष्ट्रातल्या दोडामार्गाकडूनही घेतो. सीमा ओलांडली की राज्य बदलतं, डोंगर तोच, बी डोळ्यांनी ओळखू येत नाही. पण दुकानांना पाकिटावर गोव्याचा काजू लिहायचा असतो, गोव्याच्या काजूला आता भौगोलिक मानांकन आहे, आणि बाहेरून, अगदी आफ्रिकेतून आलेला काजू गोव्याचा म्हणून खपवला जातो ही इथली जुनी तक्रार. शेट दोडामार्गाच्या पोत्यांची तोंडं निळ्या सुतळीने शिवतो. भाईंनी हे कधी मागितलेलं नव्हतं. त्या पोत्यांना तो किलोमागे दोन रुपये कमी लावतो. पांढऱ्या सुतळीने शिवली असती तर कोणाच्या बापाला कळलं नसतं. गोदामातल्या जुन्या पोत्यांच्या ढिगातही निळी सुतळी निघाली, म्हणजे हे माझ्या देखत सुरू झालेलं नाटक नव्हतं.

माझ्या दृष्टीने त्या निळ्या सुतळीचं वजन 43 च्या लॉटपेक्षा जास्त आहे. मुलीला हे पटलं नाही. तिचं म्हणणं, एकदा लपवलं तो पुन्हा लपवेल. तिचा मुद्दा फेटाळण्यासारखा नाही, म्हणून तपासणीची तरतूद झाली. पण जो माणूस दर वर्षी, न विचारता, स्वतःच्या तोट्याची खूण पोत्यावर शिवतो, त्याने एका वर्षी वीस पोती मिसळली तर मी आधी त्या वर्षी काय बदललं ते बघेन.

थेट शेतकऱ्यांकडून घ्यायचा पर्यायही पाहिला. शेतकऱ्याकडून कच्ची बी घेतली की 5 टक्के जीएसटी रिव्हर्स चार्जने कारखान्यानेच भरायचा, तो क्रेडिटमध्ये मिळतो, त्यात अडचण नाही. अडचण शंभरेक घरांतून पोतं-अर्धं पोतं गोळा करायची, वाळवायची आणि रोकड सांभाळायची. हे काम शेट ज्या पैशांत करतो त्यात भाईंना जमणार नाही. तो विषय तिथेच संपला.

ठरलं ते असं. फेब्रुवारीत दोन लाख, उरलेली तीन लाखांची उचल मार्चमध्ये दीडशे पोती पोचल्यावर. माल कारखान्यात उतरवला की निम्मे पैसे त्याच दिवशी, बाकी दहा दिवसांत. 48 हा पाया. पौंडामागे पोत्याला दोनशे रुपये वर किंवा खाली. कडता बंद. ओलावा यंत्राने मोजायचा, 10 टक्क्यांपुढे गेला तर हिशेबाने वजा करायचा. बी 14 टक्क्यांवरून 9 वर वाळते तेव्हा शंभर किलोचे साडेचौऱ्याण्णव राहतात, त्यामुळे ओल्या मालाला सरसकट एक किलो हा कडता मुळात कमीच होता आणि सुक्या मालाला अन्यायाचा. वजन शेटच्या काट्याचं धरायचं, पुन्हा मोजायचं नाही. जुना माल वेगळा आणायचा. आणि बी शेटसमोर कापून उतारा बघायचा.

भाईंचा अडेलपणा एका ठिकाणी होता. "शेटसमोर बी कापायची म्हणजे तोंडावर संशय घेतल्यासारखं."

शेट म्हणाला, "कापा की. माझ्या माघारी कापता तेव्हा मला जास्त लागतं."

यंदाचा हंगाम आता अर्ध्यावर आलाय. मार्चमध्ये 160 पोती आली, उतारा साडेअठ्ठेचाळीस. दोनशे आली नाहीत. वाळपईच्या रोखवाल्याला शेट अजून थोडा माल देतो आणि ते लपवत नाही. एप्रिलच्या दुसऱ्या लॉटआधी त्याचा फोन आला की यात भिजलेली बी आहे, 45 च्या वर जाणार नाही, हवा तर घ्या. कापली तर 45 च निघाली. पोत्यामागे सहाशे कमी देऊन भाईंनी घेतली.

आता घोडं अडलंय ते दुसऱ्या टोकाला. मे महिन्याच्या मालाचे पैसे दहा दिवसांत द्यायचे तर किनाऱ्यावरची निदान चार लाखांची थकबाकी आधी यायला हवी, कारण कॅश क्रेडिटची मर्यादा संपत आली आहे. मुलीने दोन्ही दुकानांना 45 दिवसांच्या मुदतीची पत्रं पाठवली. एकाने निम्मे पैसे भरले. दुसऱ्याने पुढची ऑर्डर थांबवली आणि भाईंना फोन करून विचारलं, इतक्या वर्षांच्या संबंधात कायदा कशाला आणता.